गांधीजींचे वडील, आश्रमातलं वासरू आणि घरातला म्हातारा कुत्रा

चाकणच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून रात्री साडेबारा-एकला कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसासाठी घरात कोण जागं असतं? बायकोला पहाटे डबा करायचा असतो, मुलांची सकाळची शाळा असते, त्यामुळे ती झोपलेली असतात. जागा असतो तो कुत्रा. बसचा आवाज ओळखून तो दाराशी येऊन उभा राहतो. अकरा वर्षं हे असंच चाललेलं असतं आणि एका रात्री तो उठत नाही. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, पोट थोडं फुगलेलं. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ दिसते. डॉक्टर सांगतात की ऑपरेशन करता येईल, पण वय झालंय, टेबलावरच काही होऊ शकतं. न केल्यास गाठ कधीही फुटेल. उद्यापर्यंत कळवा.

अशी घरं निगडीत, मोशीत, भोसरीत, तळेगावात आता पुष्कळ आहेत. पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा आणलेली पिल्लं आज एकदमच म्हातारी झाली आहेत, आणि हा प्रश्न घरोघरी येऊ लागला आहे. आजच्या लेखात त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने स्वतः कुत्रा पाळला म्हणून तो प्रसिद्ध नाही. पण ऑपरेशन करावं की नको, इंजेक्शन द्यावं की थांबावं, हा प्रश्न त्याच्या दाराशी आयुष्यभर येत राहिला. कधी वडिलांसाठी, कधी बायकोसाठी, कधी स्वतःसाठी आणि एकदा एका मुक्या जनावरासाठी. मोहनदास करमचंद गांधी हे त्याचं नाव. यातल्या दोन घटना तर आपल्या पुण्यातच घडल्या.

पहिली गोष्ट राजकोटची. करमचंद गांधी काठेवाडातल्या संस्थानांचे दिवाण होते. उतारवयात त्यांना भगंदराचा त्रास सुरू झाला. वैद्यांचे लेप झाले, हकिमांचे मलम झाले, गावठी उपाय झाले. शेवटी मुंबईच्या एका नामांकित सर्जनकडून ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं, त्यासाठी लागणाऱ्या वस्तू आणि औषधंही विकत घेतली गेली. पण घरच्या डॉक्टरांनी या वयात ऑपरेशन नको असा सल्ला दिला आणि तोच मानला गेला. आणलेलं सगळं सामान वाया गेलं आणि करमचंद तसेच घरी परतले.

मोहनदास तेव्हा सोळा वर्षांचा होता. जखम धुणं, औषध देणं, रात्री पाय चेपणं ही कामं त्याच्याकडे होती आणि ती तो मनापासून करायचा. पुढे आत्मकथेत त्याने लिहून ठेवलं की ते ऑपरेशन होऊ दिलं असतं तर जखम सहज भरली असती, असं त्याला वाटत राहिलं. १८८५ साली एका रात्री काकांनी त्याला पाय चेपण्याच्या कामातून सुट्टी दिली. तो आपल्या खोलीत गेला. पाच-सहा मिनिटांत नोकराने दार वाजवलं. तोवर वडील गेले होते. शेवटच्या क्षणी आपण तिथे नव्हतो, हा सल गांधीजींच्या मनातून कधीच गेला नाही.

त्या घरच्या डॉक्टरांचं कारण लक्षात घ्या. वय. कुत्र्याच्या बाबतीतही पहिला नकार बहुतेकदा याच शब्दाचा असतो. अकरा वर्षांच्या लॅब्राडॉरला भूल द्यायची म्हटलं की शेजारपाजारचेही मान हलवतात. पण आकडे काय सांगतात? ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रकृतीने ठीक असलेल्या कुत्र्यांत भुलीमुळे किंवा त्यानंतरच्या ४८ तासांत मृत्यूचं प्रमाण दोन हजारांत एकाच्या आसपास होतं. आजारी कुत्र्यांत तेच प्रमाण ७५ मध्ये एक इतकं वाढलं. वयानेही धोका वाढतो, नाही असं नाही, पण आजाराने पडणारा फरक फारच मोठा आहे. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वयाचा नाही. याचं हृदय, मूत्रपिंडं, यकृत आज कशी आहेत, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती आहेत, हे विचारायचं. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे न पाहता वयावरून दिलेला होकार किंवा नकार, दोन्ही सारखेच कच्चे.

मॅट्रिक झाल्यावर मोहनदासच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं. थोरल्या भावाने आठवण करून दिली की वैष्णवांच्या मुलाने मढी फाडलेली वडिलांना आवडली नसती. म्हणून तो १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला. डॉक्टरकीची हौस मात्र राहिलीच. दक्षिण आफ्रिकेत त्याने धर्मादाय दवाखान्यात रोज तास-दोन तास औषधं देण्याचं काम केलं, बोअर युद्धात जखमींना उचलून नेणारी तुकडी उभारली. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपास हे प्रयोग घरच्यांवर आणि स्वतःवर चालूच होते. मुंबईत मुलगा मणिलाल टायफॉईडने फणफणला तेव्हा डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार देऊन पाण्याचे उपचार केले. मुलगा वाचला. मला इथे त्यांच्या धाडसापेक्षा नशिबाचा भाग मोठा वाटतो.

१९०९च्या सुरुवातीला डर्बनमध्ये कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होऊ लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, थोड्या आढेवेढ्यांनंतर त्या तयार झाल्या. अंगात इतकी कमी शक्ती राहिली होती की क्लोरोफॉर्म देणंही धोक्याचं होतं. भुलीशिवाय ऑपरेशन झालं. वेदना भयंकर झाल्या, पण त्या निभावल्या. गांधीजी जोहान्सबर्गला परतल्यावर प्रकृती पुन्हा ढासळली आणि डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क देण्यासाठी फोन केला. गांधीजींनी निर्णय स्वतःकडे घेतला नाही. कस्तुरबांना विचारता येण्याजोगं असेल तर त्यांची इच्छा, असं त्यांनी कळवलं. डर्बनला पोचल्यावर त्यांनी स्वतः बांना विचारलं, त्यांनी स्पष्ट नकार दिला. मग पाऊस पडत असताना, अंथरुणावर उठूनही बसता येत नसलेल्या बायकोला त्यांनी फिनिक्सच्या आश्रमात हलवलं. आगगाडीतून, आणि पुढे झोळीत घालून. डॉक्टरांना ते वेडेपणाचं वाटलं होतं, आणि आजचा कुठलाही डॉक्टर त्याला वेडेपणाच म्हणेल. पण रोग्याला विचारण्याची त्यांची पद्धत तिथे पक्की झाली, ती पुढे उपयोगी पडणार होती.

त्याच १९०९ मध्ये त्यांनी हिंद स्वराज लिहिलं. त्यात डॉक्टर आणि इस्पितळांवर कडक टीका आहे. आणि तोच लेखक पुढे दोनदा सर्जनच्या सुरीखाली गेला. पहिल्यांदा १९१९च्या सुरुवातीला, मुंबईत डॉ. दलाल यांच्या हातून, गुदद्वाराच्या चिरेसाठी. खेडा जिल्ह्यातल्या दौऱ्यांत झालेल्या आमांशाने ते खंगले होते. दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गायी-म्हशींचं दूध काढण्यासाठी होणारे हाल कळल्यापासून त्यांनी दूध सोडलं होतं. शपथ गायी-म्हशींची आहे, शेळीची नाही, हा मार्ग कस्तुरबांनी काढला. तेव्हापासून शेळीचं दूध सुरू झालं. शब्दाला धरून राहिलो पण भावना मोडली, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहिली आहे.

दुसरं ऑपरेशन पुण्याचं. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये पोटात दुखू लागलं, ताप चढला. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात आणलं. अपेंडिक्स सुजलं होतं आणि ते फुटण्याआधी काढायला हवं होतं. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. अपेंडिक्स फुटून पू पोटात पसरला तर वाचणं कठीण. आपल्या ओळखीचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यावेत अशी गांधीजींची इच्छा होती, पण तेवढा वेळ नव्हता. सर्जन होते कर्नल मॅडॉक. ब्रिटिश सरकारचा कैदी ब्रिटिश सर्जनच्या टेबलावर गेला असता तर देश पेटला असता, हे मॅडॉकना आणि गांधीजींना दोघांनाही कळत होतं. रात्री नामदार श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं गेलं. आपला या डॉक्टरांवर विश्वास आहे, आपण राजीखुशीने ऑपरेशनला तयार आहोत, काही बरंवाईट झालं तर त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ करू नये, अशा अर्थाचं निवेदन तयार झालं आणि थरथरत्या हाताने गांधीजींनी त्यावर सही केली.

ऑपरेशन चालू असताना वीज गेली. हाताशी होते त्या दिव्यांच्या उजेडात मॅडॉकनी ते पुरं केलं. जखमेत नंतर गळू झाला, बरं व्हायला वेळ लागला, ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं आणि ते जुहूला विश्रांतीसाठी गेले. ती खोली ससूनमध्ये आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.

ज्याने डॉक्टरांवर इतकं कोरडे ओढले तो टेबलावर कसा गेला, असं विचारणारे तेव्हाही होते. मला ती विसंगती फारशी टोचत नाही. चौपन्न वर्षांचा, बाकी प्रकृती धडधाकट असलेला रोगी. आजार एकाच जागी. कापून काढला की संपणारा. धोका मोठा, पण पलीकडे पूर्ण आयुष्य. कुत्र्यांमधलं याचं नेमकं जोडीचं उदाहरण म्हणजे म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात होणारा पू. नसबंदी न केलेली आठ-दहा वर्षांची मादी, माजावर येऊन महिना-दीड महिना झालेला, अचानक पाणी फार प्यायला लागते, खाणं सोडते, कधी मागून घाण स्राव येतो, कधी येतही नाही. हे ऑपरेशन तातडीचं असतं. वय झालं म्हणून ते टाळणं म्हणजे राजकोटच्या त्या घरच्या डॉक्टरांचा सल्ला पुन्हा मानणं. वेळेत आणलेल्या दहा माद्यांतल्या नऊच्या आसपास वाचतात, आणि वाचल्या की पहिल्यासारख्या होतात.

आता जनावरांकडे येऊ. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारून टाकवली. शहरात गदारोळ झाला. गांधीजींकडे विचारणा झाली आणि त्यांनी साराभाईंची बाजू घेतली, तेव्हा गदारोळ त्यांच्याच अंगावर आला. यंग इंडियात त्यांनी यावर लेखमालाच लिहिली. कुत्री मारण्याचा तो मार्ग आज कायद्यानेही बंद आहे आणि विज्ञानानेही. नसबंदी आणि रेबीजची लस याच मार्गाने संख्या आणि धोका कमी करायचा असतो. पण त्या लेखांतला दुसरा मुद्दा आजही टोचतो. ज्याला मालक नाही असा कुत्रा रस्त्यावर असणं हीच समाजाची निष्ठुरता आहे, आणि जाता-येता पोळीचा तुकडा टाकून दयाळूपणाचं समाधान मिळवणं ही दया नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. कुत्रा ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा, त्याच्या दुखण्यासकट.

दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडलं. उपचार झाले, शुश्रूषा झाली. डॉक्टरांनी आशा नाही असं सांगितलं. कूस बदलली तरी त्याला असह्य वेदना व्हायच्या. गांधीजींना वाटलं की आता याला सोडवणं हाच धर्म. पण त्यांनी लगेच काही केलं नाही. आश्रमाच्या मंडळापुढे विषय ठेवला, शेजाऱ्यांशी बोलले. एकाने जोरदार विरोध केला: जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला कुठला? गांधीजींनी तो आक्षेप ऐकून घेतला आणि इथे तो लागू होत नाही असं ठरवलं, कारण स्वतःच्या फायद्यासाठी कुणी जीव घेत नव्हतं. मग डॉक्टरांना बोलावून, स्वतः समोर उभं राहून, विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

त्यांनी हे लपवलं नाही, छापलं. आणि मग पत्रांचा पाऊस पडला. गोमातेचं वासरू मारणारा महात्मा म्हणून जी काही विशेषणं मिळायची ती मिळाली. उत्तरं देताना त्यांनी सर्जनचं उदाहरण दिलं. रोग्याच्या भल्यासाठी सुरी चालवणारा सर्जन हिंसा करत नाही; उद्देश तोच असेल तर एका टोकाला सुरी थांबवून प्राण सोडवणं हेही त्याच जातीचं काम असू शकतं. माणसालाही हेच लावणार का, असं विचारल्यावर त्यांनी चार अटी घातल्या. आजार बरा न होणारा असावा. जवळच्या सगळ्यांनीच जगण्याची आशा सोडलेली असावी. कुठल्याही मदतीने, सेवेने आराम पडण्यासारखं उरलेलं नसावं. आणि चौथी, रोग्याला आपली इच्छा सांगताच येत नसावी.

मला हा चार अटींचा भाग गांधीजींच्या आरोग्यविषयक लिखाणातला सगळ्यात कामाचा वाटतो. मातीच्या पट्ट्यांपेक्षा तर नक्कीच.

त्या प्लीहेच्या गाठीवर या अटी लावून बघू. पहिली अट, बरा न होणारा आजार. इथेच बहुतेकांची घाई होते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत फार आढळतो. त्यात प्लीहा मोठी होते, प्लेटलेट घसरतात, हिरड्या फिक्या पडतात, आणि डॉक्सिसायक्लिनच्या चार आठवड्यांच्या गोळ्यांनी बरीच कुत्री सुधारतात. सूज म्हणजे गाठ नव्हे, आणि प्लेटलेट खाली असताना पोट उघडणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. तेव्हा रक्ततपासणी आधी. खरोखर गाठच असेल तर पशुवैद्य एक ढोबळ हिशेब सांगतात: प्लीहेच्या गाठींपैकी दोनतृतीयांश कर्करोगाच्या, आणि त्यातल्या पुन्हा दोनतृतीयांश रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या कर्करोगाच्या, ज्याला हिमँजिओसार्कोमा म्हणतात. गाठ फुटून पोटात रक्त साचलं असेल तर कर्करोगाची शक्यता आणखी वाढते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडलेली, न फुटलेली गाठ असेल तर बरीच कमी होते. उरलेल्या गाठी साध्या असतात. त्या काढल्या की कुत्रा बरा. प्लीहेशिवाय कुत्रा चांगला जगतो.

अडचण अशी की गाठ कुठली आहे हे बहुतेक वेळा ती काढून प्रयोगशाळेत पाठवल्यावरच कळतं. हिमँजिओसार्कोमा निघाला तर नुसत्या ऑपरेशनने साधारण एक ते तीन महिने मिळतात, सोबत केमोथेरपी दिली तर चार ते सहा. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांत किंवा इकोमध्ये हृदयावर आधीच गाठी दिसल्या तर गांधीजींची पहिली अट तिथेच पुरी होते आणि पोट उघडण्यात अर्थ उरत नाही. त्या दिसल्या नाहीत तर ऑपरेशन हा जुगार खरा, पण वेडा जुगार नाही.

पैशांचा प्रश्न इथेच विचारून टाकावा, लाजू नये. त्याहून महत्त्वाचं, रात्री काय? प्लीहा काढल्यावर पहिले एक-दोन दिवस हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. ज्या दवाखान्यात संध्याकाळी कुलूप लागतं तिथे हे ऑपरेशन करू नये. रक्त लागलं तर देणारा कुत्रा कुठून येणार, हेही आधीच विचारावं. दुसरं मत हवं असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार लांब नाहीत. आणि घरी आणल्यावर पोटावर टाके असलेला तीस किलोचा कुत्रा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, दोघंही पाळीला गेल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार? सेवेची तिसरी अट म्हणजे हेच.

चौथी अट सर्वांत अवघड. कुत्र्याला विचारता येत नाही. मग त्याच्या वतीने बोलतो कोण? बऱ्याचदा आपली भीती बोलते, आपला अपराधी भाव बोलतो, कधी थकवा बोलतो. कस्तुरबांना विचारता आलं; वासराला विचारता आलं नाही म्हणून गांधीजींनी सगळ्या आश्रमाला विचारलं. घरातही तसंच करावं. शाळकरी मुलांसकट सगळ्यांना विचारावं. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक साधी मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि चांगल्या दिवसांची संख्या, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. तेवढंही नको असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक खूण करा, चांगल्या दिवसाला टिकली, वाईट दिवसाला फुली. दोन-तीन आठवड्यांत पान स्वतःच बोलायला लागतं. फुटलेल्या गाठीत एवढा वेळ मिळत नाही, हे खरं. पण मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या किंवा सांधे धरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मिळतो.

ज्या वर्षी वासराचा वाद पेटला, त्याच वर्षी, १९२८च्या सप्टेंबरात, लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्या बुरशीचं औषध सोळा वर्षांनी पुण्यात, आगाखान पॅलेसच्या दाराशी आलं.

ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी आणि कस्तुरबा तिथे नजरकैदेत होते. आठवड्याच्या आतच महादेवभाई देसाई तिथे वारले. १९४३च्या अखेरीस कस्तुरबांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले, श्वास लागू लागला, मग न्यूमोनिया झाला, मूत्रपिंडं साथ देईनात. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर सोबतच होते. ॲलोपॅथी झाली, निसर्गोपचार झाले, लाहोरहून वैद्य आले. धाकटा मुलगा देवदास याने पेनिसिलिन मिळवलं. युद्ध चालू होतं, हे औषध सैन्याबाहेर जवळपास मिळतच नव्हतं. ते कलकत्त्याहून विमानाने आणावं लागलं.

ते दर काही तासांनी, रात्रंदिवस, सुईने द्यावं लागेल हे कळल्यावर गांधीजींनी देवदासला थांबवलं. आई आता जाणार हे दिसत असताना तिला टोचून हैराण का करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. देवदास आधी हट्टाला पेटला होता, मग गप्प झाला. त्याच संध्याकाळी, २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीला, कस्तुरबा गेल्या. डोकं गांधीजींच्या मांडीवर होतं.

या निर्णयावर आजही वाद होतो. थोड्याच आठवड्यांनी मलेरिया झाल्यावर गांधीजींनी स्वतः क्विनाईन घेतलं, हे टीकाकार आवर्जून सांगतात. सांगावंच. पण दोन्ही आजार एका मापाने मोजता येत नाहीत. मलेरियाचा जंतू क्विनाईनने मरतो आणि माणूस उठून बसतो. कस्तुरबांचं हृदय आणि मूत्रपिंडं थकली होती. पेनिसिलिन न्यूमोनियाच्या जंतूंवर चाललं असतं, थकलेल्या हृदयावर नाही. तरीही त्या मुलाच्या जागी मी असतो तर एक डोस द्यायला लावला असता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

विमानाने आणावं लागलेलं ते औषध पुढे आगाखान पॅलेसपासून पंधरा-वीस किलोमीटरवर तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. पिंपरीची औद्योगिक ओळख ज्या कारखान्यांनी सुरू झाली त्यांत ही पहिल्यांपैकी. आज ऑपरेशननंतर कुत्र्याला टाक्यांत पू होऊ नये म्हणून जी औषधं देतात, त्यांतली कितीतरी त्याच पेनिसिलिनच्या घराण्यातली.

आणि डॉक्टरांनी पहिल्या तीन अटी पुऱ्या झाल्याचं सांगितलं तर? मग शेवटचं इंजेक्शन कसं असतं हे आधी माहीत असावं. प्रथम गुंगीचं औषध देतात, कुत्रा झोपतो. मग शिरेतून भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. आधी श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडे राहू शकतात, नंतर एखादा उसासा किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते. ती वेदना नसते. पुष्कळ मालक याच वेळी बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभे राहतात. जमलं तर जाऊ नका. डॉक्टर घरी येतात का ते विचारा, त्या दिवशी पाळीला सुट्टी टाका आणि त्याच्या नेहमीच्या गोधडीवर, डोक्याशी बसा.